पाऊस आला की लाइट ट्रिप होते? घराबाहेरची वायर दुरुस्त करताना काय करायचं

आमच्या गावच्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याचं जुनं घर आहे, मागे विहीर, विहिरीच्या वाटेवर न्हाणीघर. मागचे दोन पावसाळे तिथे एकच तमाशा चालू होता. रात्री जोराची सर आली की खट्, सगळं घर अंधारात, आणि दोन दिवस ऊन पडलं की परत सगळं शहाण्यासारखं चालू. आईचा संशय गिझरवर, कारण पावसात गिझरचा खटका दाबला की हमखास ट्रिप व्हायचं, म्हणून गिझर बंद आणि माळ्यावरचा बंब खाली. यंदा गणपतीला चार दिवस जास्त काढून मी आणि गावातला वायरमन मागे लागलो तेव्हा सापडलं काय, तर विहिरीच्या मोटरकडे जाणाऱ्या वायरला पोफळीच्या बुंध्याशी एक जॉइंट, जॉइंटवर टेप, टेपवर दुधाची पिशवी, पिशवीवर सुतळी. हे बाबांचं काम, कधीचं ते त्यांनाही आठवेना. गिझर बिचारा निर्दोष होता.

तर जे शिकलो ते लिहून ठेवतोय, बहुतेक घरांत बाहेरच्या वायरीचा लोच्या असाच असतो, जॉइंटचा.

आधी एक गोष्ट ठरवा, कुठली वायर आपली आणि कुठली नाही. पोलवरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर आपली नाही, ती सोलपटली असू दे, झाडाला घासत असू दे, लोंबकळत असू दे, हात लावायचा नाही, १९१२ ला फोन करायचा नाहीतर महावितरणच्या ऑफिसात जाऊन सांगायचं. वादळात तार तुटून पडली असेल तर जवळसुद्धा जायचं नाही, पोरांना, गुरांना लांब ठेवायचं. मीटरच्या पुढची वायर आपल्या जबाबदारीची. त्यातही मी म्हणतो की शोधाशोध, खणणं, पाइप बसवणं, वायर ओढणं हे आपण करावं आणि बोर्डातली जोडणी लायसनवाल्या वायरमनकडून करून घ्यावी. थ्री फेज असेल, बोर्ड भाजल्याचा वास येत असेल किंवा बोर्डात पाणी उतरलं असेल तर शोधाशोधपण करू नका, मेन पाडा आणि त्याला बोलवा. आणि पाऊस चालू असताना, ओल्या जमिनीवर उभं राहून यातलं काहीही करायचं नाही, चार तास अंधारात बसलात तर काही बिघडत नाही.

आता फॉल्ट शोधणं. बोर्डात आरसीसीबी असतो, गावाकडे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, त्यावर ३० एमए लिहिलेलं असतं. त्याचं काम इतकंच, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का ते बघणं, आणि मध्येच कुठे ३० मिलिअँपिअर गळाले की पडणं. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती, तर ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० खातो, त्याहूनही कमी. एवढ्याशा गळतीने तो पडतो म्हणून लोक वैतागून तो काढून टाकतात किंवा बायपास करतात, आणि मग त्याच न्हाणीघरात कुणीतरी ओल्या हाताने नळ धरतो. सतत पडणारा आरसीसीबी खराब आहे असं समजू नका, दहापैकी नऊ वेळा तो खरं बोलत असतो. आणि तुमच्या बोर्डात तो नसेलच तर बाहेरच्या वायरीच्या आधी तो बसवून घ्या.

शोधायची साधी पद्धत, सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डातले एकेका लाइनचे खटके, खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याला पडेल ती लाइन चोर. हे सगळ्यांना माहिती असतं आणि आम्हीही तेच केलं, पण आमच्याकडे बाहेरच्या लाइनचा एमसीबी खाली असतानासुद्धा गिझर लावला की पडायचंच. इथे दोन वर्षं गेली. कारण असं की घरातले साधे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. आमच्या पोफळीवरच्या जॉइंटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर ओल धरून एकमेकांना चिकटल्या होत्या. गिझर २००० वॅटचा, म्हणजे ८-९ अँपिअर न्यूट्रलमधून परत यायचे, त्यातला चिमूटभर वाटा त्या जॉइंटमधून अर्थिंगला पळायचा आणि ईएलसीबी खट्. मिक्सर, ट्यूब लावली तर काही नाही, मोठा लोड लागला की पडणार. तर तुमच्याकडेही असं भलत्याच वस्तूवर आळ येत असेल तर वायरमनला सांगा की बाहेरच्या लाइनचा नुसता एमसीबी पाडू नको, तिचा न्यूट्रलपण लिंकमधून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीतून, काढ आणि मग बघू. आमच्या वायरमनने न्यूट्रल काढला, गिझर लावला, पाचेक मिनिटं वाट बघितली, काही झालं नाही. आई म्हणाली, अरे मग हा दोन वर्षं उगाच बंद ठेवला.

हे काढून ठेवणं दुसऱ्या कारणासाठीपण चांगलं. मेन पाडून बाहेरच्या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डातून सोडवायचे, टोकांवर कनेक्टर लावून बाजूला करायचे, आणि मेन परत वर. म्हणजे घरात फ्रीज चालू, पंखा चालू, कुणी 'किती वेळ लागणार' म्हणून डोकं खात नाही, आणि बाहेरची वायर मुळातच तुटलेली, कुणी चुकून खटका दाबला तरी तिच्यात काही येणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मेन पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून आलेल्या वायरी जिवंतच असतात, म्हणूनच बोर्ड उघडायचं काम ज्याचं त्याने करावं.

आणि इन्व्हर्टर! याच्यावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. मेन पाडला, सगळं घर बंद, आणि इन्व्हर्टर मात्र हळूच चालू होऊन पडवीच्या आणि गेटच्या लाइटला तेच २३० व्होल्ट देत बसतो. बॅटरीवरचा शॉक सौम्य असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करायचा आणि त्याची आउटपुटची पिनपण उपटून ठेवायची. छतावर बॅटरीवालं सोलर असेल तर तेही तसंच.

मग तपासायचं. खिशातल्या टेस्टरवर जीव टाकू नका, तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल तर जिवंत वायरीवरही तो मिणमिणतो किंवा दिसतच नाही, त्यात दुपारचं ऊन असेल तर झालंच. मल्टीमीटर घ्या, एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा, आधी घरातल्या चालू सॉकेटमध्ये लावून २३० च्या आसपास आकडा येतो का बघा, मग बाहेरच्या वायरीवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा, आणि परत येऊन त्याच सॉकेटमध्ये लावा. शेवटचं परत बघणं लोक टाळतात, पण मधल्या मध्ये मीटरची बॅटरी गेली किंवा पिन निसटली तर मेलेली दाखवलेली वायर जिवंत असू शकते. कधीकधी सुटलेल्या वायरीवरही मीटर २०-४० व्होल्ट दाखवतो, शेजारून दुसरी चालू वायर जात असली की होतं असं, पण ते तसंच आहे हे वायरमनने खात्री करून सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता वायरीवर हात फिरवत फिरवत निघा, अक्षरशः. मारक्या जागा ठरलेल्या असतात. भिंतीतून बाहेर येते ती, जिथे जांभ्याची धार किंवा लोखंडी पाइपचं तोंड वायरीला कापत असतं. झाडाला बांधलेली असेल ती, कारण झाड जाडं होत जातं आणि वारा आला की हलतं, वायर काय वाढत नाही. पत्र्याखालून जाते ती. उन्हातला तुकडा, जिथे पांढरी वायर पिवळी पडून वाकवली की तडकते. आणि जमिनीलगत घुशी आणि उंदीर, ते वरचं आवरण सोलून तांबं उघडं ठेवून जातात, खात काहीच नाहीत, नुसता ताप.

आमचा जॉइंट मी ब्लेडने उघडला तो सांगतो. पिशवी काढली तर आतून पाणी ओघळलं, म्हणजे पिशवीने पाणी अडवलं नव्हतं, आत आलेलं साठवून ठेवलं होतं. टेपचा डिंक वितळून काळा चिकटा झालेला, बोटांना लागला तो रॉकेलने काढावा लागला. आत मुंग्यांची पांढरी अंडी. आणि तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या, वाकवल्या की काडीसारख्या तुटत होत्या, अर्ध्याअधिक आधीच तुटलेल्या, म्हणजे मोटरचा सगळा करंट उरलेल्या चार तारांतून जात होता, तिथलं इन्सुलेशन भाजून तपकिरी झालेलं. मला वाटलं एक वीतभर कापून नवीन जॉइंट मारू, वायरमन म्हणाला, आणखी कापा. वीतभर कापलं, आत काळं. हातभर कापलं, तरी काळं. पाणी तारांच्या मधून वातीसारखं चढत गेलं होतं. म्हणून बाहेरच्या वायरीला वरून नवीन दिसणारा तुकडा बघून फसू नका, कापून आतलं तांबं बघा, लखलखीत दिसलं तरच तो तुकडा कामाचा.

आता खरा प्रश्न, जोडायचं का बदलायचं. माझं मत सरळ आहे, उघड्यावर जॉइंट ठेवायचाच नाही. दोन बॉक्सच्या मधली वायर अखंड पाहिजे. मधे कुठेही खराब झाली असेल तर पूर्ण लांबी बदला, वायरीचे पैसे जातात पण पुढच्या पावसाळ्यात परत शिडी लावायला लागत नाही. खराबी अगदी टोकाशी असेल आणि वायर थोडी सैल सोडलेली असेल तर तेवढं टोक कापून बॉक्समध्ये नव्याने जोडलं तर चालेल. आणि अगदीच नाइलाज असेल, म्हणजे ५० मीटर वायर चांगली आहे आणि मधेच घुशीने चावलीये, तर जॉइंट पाणी न शिरणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये, आयपी ६५ लिहिलेला असतो तो, पडवीच्या किंवा पत्र्याच्या आडोशाला, हात पोचेल एवढ्या उंचीवर. काळी साधी टेप ही घरातल्या कोरड्या कामासाठी आहे, बाहेर ती एक उन्हाळा कशीबशी काढते.

वायर कुठली घ्यायची. नुसता गेटचा किंवा न्हाणीघराचा लाइट असेल तर १.५ स्क्वेअर एमएम तीन कोअर, म्हणजे एका आवरणात तीन वायरी, बास झाली. मोटर असेल तर अंतर बघा. आमचं अंतर ४० मीटर, मोटर १ एचपी, ती चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेते पण सुरू होताना पाचेक पट ओढते, आणि जाण्या-येण्याचं मिळून ८० मीटर तांबं होतं. १.५ च्या वायरीत तेव्हा तीसेक व्होल्ट वाटेतच जातात. एप्रिल-मेमध्ये गावात आधीच व्होल्टेज पडलेलं, त्यात हे, मग मोटर नुसती हूं हूं करते आणि उचलत नाही, लोक कॅपॅसिटर बदलत बसतात. २.५ घेतली तर वाटेतलं नुकसान वीस व्होल्टच्या आसपास येतं, ४ घेतली तर आणखी कमी. आम्ही ४ ची घेतली. तिसरी कोअर, हिरवी, अर्थिंगची, ती वाचवायच्या नादात दोन कोअरची घेऊ नका, मोटरची बॉडी लोखंडाची आहे आणि आपण तिथे ओल्या पायाने उभे राहतो. आणि बाहेरून जायची तर वरचं आवरण काळं, उन्हात टिकणारं घ्या, दुकानात स्पष्ट सांगा की उघड्यावर टाकायचीये, नाहीतर तो घरातली पांढरी देतो.

जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड, म्हणजे आत लोखंडी तारांचं चिलखत असलेली केबल, अडीच फूट खोल, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांचा एक थर आणि मग माती. विटा कशासाठी, तर उद्या कुणी केळ लावायला कुदळ मारली तर आधी वीट लागावी. आमच्याकडे फूटभर खाली जांभा लागतो, पहारीने चार घाव घातले आणि तो नाद सोडला. मग भिंतीवरून जाड पीव्हीसी पाइपातून, आणि न्हाणीघर ते विहीर एवढा मोकळा टप्पा जीआय तारेवर केबल टांगून, दोन्हीकडे भिंतीत हूक ठोकून, तारेला दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर. ओझं तारेवर, केबल नुसती तिला टायने धरलेली. टेम्पो जात असेल तर त्याच्या डोक्यावरून सहज जाईल एवढी उंची. झाडाला काही बांधलेलं नाही. आणि त्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला, भांडीवाल्या मावशींनासुद्धा, वेगळं सांगावं लागतं. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी आणा. पत्र्याच्या शेडला, पोलला किंवा पोलच्या ताणाला बांधलेली लोखंडी तार आणि तिच्यावर ओला टॉवेल, दर पावसाळ्यात पेपरात येतं ते असंच घडलेलं असतं.

पाण्याची वाट अडवायला बघू नका, वळवा. केबल बॉक्समध्ये किंवा भिंतीत शिरायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत जात नाही. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. बॉक्समध्ये केबल नेहमी खालून घालायची, ग्लँड, म्हणजे भोकात केबल घट्ट धरणारं बूच, लावून, वरून कधीच नाही. बाहेरच्या दिव्याला सिलिकॉन लावाल तर वरच्या आणि दोन बाजूंच्या कडेला लावा, खालची कड मोकळी, आत दव जमलं तर बाहेर पडायला जागा पाहिजे.

जोडणीत वायरमन काय करतो ते उभं राहून बघा, चांगला असेल तर तारा न कापता सोलेल, बारीक तारांना पिळा देऊन थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, लावेल, कनेक्टरचा स्क्रू आवळून वायर ओढून बघेल. हिरवी वायर तो बाकीच्या दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवतो, कारण उद्या केबलला हिसका बसला तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटावेत, अर्थिंग सगळ्यात शेवटी. आमच्याने हे न सांगता केलं तेव्हा मला त्याच्यावर भरवसा बसला. स्विच फेजवरच आहे ना ते विचारा. न्यूट्रलवर असेल तर बल्ब बंद दिसतो आणि होल्डर जिवंत राहतो. जुन्या ॲल्युमिनियम वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू देऊ नका, ओल लागली की त्या दोन धातूंचं पटत नाही, जोड सैल होतो आणि तापतो. चालू करायच्या आधी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, इन्सुलेशन बघायला सांगा, ५०० व्होल्टवर निदान १ मेगओहम पाहिजे, नवीन वायरीला कितीतरी जास्त येतं.

अर्थिंगचं थोडक्यात. खड्ड्यातल्या पाइपला जोडलेला नटबोल्ट गंजलेला असतो, तो काढून घासून परत आवळा. आमच्या कातळात उन्हाळ्यात खड्डा पार कोरडा पडतो, म्हणून मार्चपासून आठवड्याला एक घागर पाणी तिथे. आणि अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थची पिन जोडून देणारे महाभाग असतात, त्यांना घरात घेऊ नका, न्यूट्रल कुठे तुटला तर मशिनच्या पत्र्यात थेट फेज येतो.

सगळं झाल्यावर आरसीसीबीवरचं टी, म्हणजे टेस्ट, लिहिलेलं बटण दाबायचं, तो पडलाच पाहिजे. मग मोटर, मग गिझर, मग दोन्ही एकत्र. ते बटण महिन्यातून एकदा दाबत चला, पावसाळ्याआधी तर नक्कीच. आणि बाहेर कुणाला शॉक बसून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन, मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करायची, श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात आणि कुणीतरी १०८ लावायचा.

काढलेली जुनी ४० मीटर वायर बाबांनी नीट वेटोळं करून माळ्यावर ठेवली होती, 'असू दे, लागते कधी' म्हणून. मला माहितीये ती कधी लागते ते, पुढच्या मे महिन्यात लग्नाच्या मांडवाला लाइट पाहिजे म्हणून तीच खाली येणार. निघायच्या आदल्या दिवशी मी ती खाली काढली, पक्कडीने हातभर हातभर तुकडे केले आणि भंगारवाल्याला दिली. बाबा दोन तास बोलले नाहीत.